गॉथिक रॉक बँड : प्रभाव आणि मान्यता यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॉथिक रॉकचा विषय निघाला की बहुतेक वेळा काळे कपडे, काजळ आणि वटवाघळे यांचीच चर्चा होते आणि संगीत मागे राहते. येथील उत्तरांमध्ये भर संगीतावर आहे. या बँडनी वाद्ये कशी वाजवली, त्यांच्यापासून कोणी काय घेतले आणि त्यांच्या कामाची दखल कोणी, केव्हा घेतली, हे शक्य तितक्या नेमकेपणाने सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

गॉथिक रॉक म्हणजे नेमके कोणते संगीत?

१९७६-७७ च्या पंक लाटेनंतर ब्रिटनमध्ये जे अनेक प्रवाह फुटले, त्यांपैकी हा एक आहे. वाद्य शिकलेले नसले तरी बँड काढता येतो, हा धीर पंकने दिला. परंतु दोन मिनिटांत धडाक्याने संपणारे गाणे अपुरे वाटू लागल्यावर काही तरुणांनी लय संथ केली, सुरांमध्ये मोकळी जागा सोडली आणि संताप बाहेर फेकण्याऐवजी आत वळवला. या संगीताची ओळख वाद्यांच्या बदललेल्या कामांवरून पटते. एरवी मागे राहून आधार देणारा बेस गिटार येथे गाण्याची मुख्य धून वाहतो, गिटार त्या धुनेभोवती घुमारा आणि किणकिणाट उभा करते, ड्रमवादक झांजांपेक्षा टॉम-टॉम या खोल आवाजाच्या ड्रमवर अधिक रमतो आणि गायक बहुधा खर्जात गातो. मृत्यू, अपराधभाव, श्रद्धेचा लोप, वासना आणि एकाकीपण हे विषय शब्दांत येतात, मात्र केवळ विषयावरून एखाद्या गाण्याला गॉथिक म्हणणे घाईचे ठरते.

या घडणीत जमैकाच्या डब संगीताचा वाटा मोठा आहे आणि तो फार कमी वेळा सांगितला जातो. प्रतिध्वनीचा वापर, मध्येच वाद्ये काढून घेऊन पोकळी निर्माण करणे आणि बेसला अग्रभागी आणणे या युक्त्या त्या काळच्या ब्रिटिश तरुणांनी रेगेच्या तबकड्यांवरून उचलल्या होत्या.

हे नाव कोणी दिले?

पत्रकारांनी आणि समीक्षकांनी. ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजच्या विद्यार्थी वृत्तपत्रात जॉन स्टिकनी यांनी द डोअर्स या बँडविषयी लिहिताना ‘गॉथिक रॉक’ हा शब्दप्रयोग केला होता. १९७९ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सचे टोनी विल्सन यांनी बीबीसीच्या एका कार्यक्रमात जॉय डिव्हिजनच्या संगीताला गॉथिक म्हटले आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये ‘साउंड्स’ या साप्ताहिकात स्टीव्ह कीटन यांनी ‘पंक गॉथिक’ अशी जोडणी केली. १९८३ च्या सुमारास ‘पॉझिटिव्ह पंक’ असेही एक नाव काही काळ चालले, पण ते टिकले नाही.

पहिले गॉथिक रॉक गाणे कोणते मानले जाते?

बहुतेक जाणकार बाउहाउस या बँडच्या ‘बेला लुगोसीज डेड’ या गाण्याकडे बोट दाखवतात. नॉर्दॅम्प्टन या इंग्लंडच्या मध्यभागातील गावात, चामड्याच्या बुटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या औद्योगिक वस्तीत, १९७८ च्या अखेरीस हा बँड उभा राहिला. पीटर मर्फी गायक, डॅनियल ॲश गिटारवर, डेव्हिड जे बेसवर आणि त्यांचे बंधू केव्हिन हॅस्किन्स ड्रमवर, अशी चौघांची जुळणी होती. २६ जानेवारी १९७९ रोजी, म्हणजे बँड स्थापन होऊन काही आठवडेच झाले असताना, त्यांनी शेजारच्या वेलिंगबरोमधील बेक स्टुडिओत हे गाणे एका दमात ध्वनिमुद्रित केले.

हे गाणे साडेनऊ मिनिटांहून मोठे आहे. सुरुवातीला ड्रमच्या कडेवर काडी आपटल्याचा कोरडा, ठरावीक ठेका ऐकू येतो; त्याची घडण ब्राझीलच्या बोसा नोव्हासारखी आहे, आणि प्रतिध्वनीमुळे प्रत्येक आघाताच्या मागे त्याची सावली उमटत जाते. मग बेसवरून पायरी-पायरीने खाली उतरणारी धून सुरू होते आणि ती गाणे संपेपर्यंत जवळजवळ तशीच राहते. गिटार सूर धरण्याऐवजी खरवडते, करकरते, दूर कुठेतरी निघून जाते आणि परत येते. तीन मिनिटे होत आली तरी गायकाचा पत्ता नसतो. शेवटी मर्फी येतात तेव्हा ते ओरडत नाहीत. पडद्यावर ड्रॅक्युला साकारून प्रसिद्ध झालेल्या आणि १९५६ मध्ये मरण पावलेल्या हंगेरियन नटाची अंत्ययात्रा ते संथपणे वर्णन करतात. इतका वेळ थांबायला लावणारे गाणे पहिलीच तबकडी म्हणून बाहेर काढण्याचे धाडस त्या वयात त्यांनी केले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

ऑगस्ट १९७९ मध्ये स्मॉल वंडर या लहानशा कंपनीने ते बारा इंची तबकडीवर प्रसिद्ध केले. मुख्य विक्री-यादीत ते कधीच आले नाही. स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत मात्र दीर्घकाळ टिकून राहिले. पुढे १९८३ मध्ये टोनी स्कॉट यांच्या ‘द हंगर’ या चित्रपटाच्या आरंभीच जाळीमागे हे गाणे सादर करणारा बाउहाउस दिसला, आणि ज्यांनी ती तबकडी कधी हातात घेतली नव्हती त्यांच्यापर्यंतही ते पोहोचले. त्याच वर्षी बँड फुटला. मर्फी वगळता उरलेल्या तिघांनी लव्ह अँड रॉकेट्स हा बँड काढला आणि त्यांचे ‘सो अलाइव्ह’ १९८९ मध्ये अमेरिकेच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. बाउहाउसला स्वतःच्या नावावर असे यश कधी मिळाले नाही.

सूझी अँड द बॅन्शीज पंक बँड होता की गॉथिक?

त्याचा जन्म पंकमध्येच झाला. २० सप्टेंबर १९७६ रोजी लंडनच्या हंड्रेड क्लबमधील पंक महोत्सवात सूझी सू आणि स्टीव्हन सेव्हरिन यांनी जवळजवळ काहीही तयारी नसताना सुमारे वीस मिनिटांचे उत्स्फूर्त सादरीकरण केले. दोन वर्षांनी ‘हाँगकाँग गार्डन’ ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर पोहोचले. परंतु या बँडचा खरा प्रभाव १९८० नंतरचा आहे. ड्रमवादक बजी आदल्या वर्षी, तर गिटारवादक जॉन मॅकगिओक त्या वर्षी त्यांच्याकडे आले आणि १९८१ मध्ये ‘जूजू’ हा अल्बम निघाला.

‘जूजू’ची सुरुवात ‘स्पेलबाउंड’ने होते आणि गॉथिक रॉकमधील गिटार म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल तर या गाण्याइतके चांगले उदाहरण नाही. त्यात ठोकळेबाज कॉर्ड जवळजवळ नाहीत. मॅकगिओक तारा एकेक करून इतक्या झपाट्याने छेडतात की सुरांची झालर हलत असल्याचा भास होतो. खाली बजी टॉम-टॉमवर घोडदौड करतात, आणि वर सूझी यांचा आवाज पट्टीच्या कडेवर, किंचित तिरका, पण पूर्ण अधिकाराने फिरत राहतो. द स्मिथ्सचे गिटारवादक जॉनी मार यांनी या वादनाचे जाहीर कौतुक केले आहे. मॅकगिओक १९८२ मध्ये बँडमधून बाहेर पडले आणि २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी त्यांच्या कामाच्या मानाने अगदीच अपुरी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूझी सू यांच्या वेशभूषेची जगभर नक्कल झाली. विस्कटलेले काळे केस, भुवयांपर्यंत कोरलेले काजळ आणि मंचावरचा करारी वावर या गोष्टी आज गॉथच्या, म्हणजे या संगीताभोवती जमलेल्या चाहत्यांच्या, ओळखीचा भाग बनल्या आहेत. मात्र त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, बँडचे नेतृत्व करणारी, गाणी लिहिणारी आणि कोणाचेही लाडके बाहुले व्हायला नकार देणारी स्त्री त्यांनी मंचावर उभी केली. हॅम्बुर्गमध्ये १९८० मध्ये पाच तरुणींनी सुरू केलेला एक्समाल डॉइचलँड हा बँड जर्मन भाषेत गात ब्रिटनमध्ये गाजला, तो याच मोकळ्या झालेल्या वातावरणात.

जॉय डिव्हिजनला गॉथिक बँड म्हणावे का?

काटेकोरपणे म्हणू नये. पण त्याच्याशिवाय गॉथिक रॉकचा इतिहासही सांगता येणार नाही. मँचेस्टर परिसरातील या बँडचे बेसवादक पीटर हुक वरच्या पट्टीत वाजवत, कारण त्यांच्या हलक्या प्रतीच्या ॲम्प्लिफायरमधून खालचे सूर त्यांना स्वतःलाच ऐकू येत नसत. अडचणीतून निघालेली ही वाट पुढे शेकडो बँडची शैली बनली. निर्माते मार्टिन हॅनेट यांनी १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ‘अननोन प्लेझर्स’ ध्वनिमुद्रित करताना ड्रमचा एकेक भाग सुटा करून त्यावर डिजिटल प्रतिध्वनीचे यंत्र लावले, त्यामुळे संपूर्ण अल्बम रिकाम्या कारखान्यात वाजवल्यासारखा भासतो. गायक इयन कर्टिस यांनी १८ मे १९८० रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आपले जीवन संपवले. त्यानंतर आलेल्या ‘क्लोजर’ या अल्बमकडे त्या दुःखाबाहेर जाऊन पाहणे श्रोत्यांना आजही अवघड जाते.

‘अननोन प्लेझर्स’च्या मुखपृष्ठावरील पांढऱ्या लाटांची ओळख तर संगीत न ऐकणाऱ्यांनाही असते. त्या लाटा म्हणजे पहिल्यांदा शोधल्या गेलेल्या पल्सारच्या रेडिओ स्पंदनांचा आलेख आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण आज ज्या प्रकारच्या ताऱ्यांचा अभ्यास करते, त्याच जातीचा हा तारा.

सर्वाधिक मान्यता द क्यूअर या बँडलाच का मिळाली?

कारण अंधार आणि गोडवा या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच ताकदीने जमल्या. ससेक्समधील क्रॉली या गावच्या या बँडने १९८० ते १९८२ या काळात ‘सेव्हन्टीन सेकंड्स’, ‘फेथ’ आणि ‘पोर्नोग्राफी’ असे एकाहून एक काळोखे अल्बम काढले. तिसऱ्या अल्बमनंतर बँड मोडण्याच्या बेतात आला. तेव्हा बँडचे गायक रॉबर्ट स्मिथ यांनी मुद्दाम हलकीफुलकी, नाचरी गाणी करायला घेतली आणि त्या गाण्यांनी त्यांना रेडिओवर नेले. मधल्या काळात ते सूझी अँड द बॅन्शीजमध्ये गिटारही वाजवत होते.

मग १९८९ मध्ये ‘डिसइंटिग्रेशन’ आला. त्यातील गाण्यांत गायकाआधी लांबलचक वाद्यसंगीत येते, कीबोर्डचे थर एकमेकांवर चढत जातात आणि सायमन गॅलप यांचा बेस त्या सगळ्याला खेचत पुढे नेतो. असा संथ आणि उदास अल्बम विकला जाणार नाही, ही धंद्यातील लोकांची भीती खोटी ठरली. स्मिथ यांनी पत्नीला लग्नाची भेट म्हणून लिहिलेले ‘लव्हसाँग’ अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. २०११ मध्ये ॲडेल यांनी ते आपल्या ‘२१’ या अल्बममध्ये गायले, तेव्हा कोट्यवधी श्रोत्यांनी ते पहिल्यांदाच ऐकले. मूळ गाणे कोणाचे, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसेल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, तब्बल १६ वर्षांनी, त्यांचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा नवा अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तो मृत्यू आणि वार्धक्य यांविषयी आहे. पासष्टीत पोहोचलेला गायक आता या विषयांवर उसन्या भाषेत बोलत नाही, हे त्यातील प्रत्येक गाण्यात जाणवते.

हे कलाकार स्वतःला गॉथ म्हणवून घ्यायला का नाकारतात?

रॉबर्ट स्मिथ, सूझी सू, सिस्टर्स ऑफ मर्सीचे अँड्र्यू एल्ड्रिच या सर्वांनी हे बिरुद वेळोवेळी झिडकारले आहे. याचे एक कारण सरळ आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश संगीतपत्रे हा शब्द टिंगलीसाठी वापरू लागली होती, आणि ज्यांनी पाच-सहा वेगवेगळ्या प्रकारची कामे केली होती त्यांना एकाच खणात बंद होणे मान्य नव्हते. दुसरे कारण असे की, त्यांच्या मागून आलेल्या काही बँडनी केवळ बाह्य रूप उचलले. तरीही कलाकाराने काय नाकारले यापेक्षा श्रोत्यांनी काय स्वीकारले, यावर परंपरा ठरते असे मला वाटते; या बँडना एकत्र ऐकणारा, त्यांच्यातील दुवे ओळखणारा श्रोतृवर्ग गेली चार दशके टिकून आहे आणि तो चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही.

सिस्टर्स ऑफ मर्सीने १९९० नंतर एकही अल्बम काढला नाही, तरी त्यांचे नाव का घेतले जाते?

१९८० मध्ये लीड्समध्ये एल्ड्रिच आणि गॅरी मार्क्स यांनी सुरू केलेल्या या बँडने पहिल्या तबकडीनंतर ड्रमवादक ठेवला नाही. त्यांच्याकडे ड्रम मशीन होते आणि त्याला त्यांनी ‘डॉक्टर ॲव्हलान्श’ असे नाव देऊन बँडचा सभासद मानले. यंत्र थकत नाही, लय सोडत नाही आणि भावनेच्या भरात जोर वाढवतही नाही. त्या निर्विकार ठेक्यावर एल्ड्रिच यांचा खोल, जवळजवळ पुटपुटणारा खर्ज आला की जो ताण तयार होतो, तोच पुढे जर्मनीपासून लॅटिन अमेरिकेपर्यंतच्या बँडनी आदर्श मानला. नाचघरांत गॉथिक रॉक रुजले ते बऱ्याच अंशी या ठेक्यामुळे.

त्यांचे पूर्ण अल्बम तीनच : १९८५ चा ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑल्वेज’, १९८७ चा ‘फ्लडलँड’ आणि १९९० चा ‘व्हिजन थिंग’. ‘फ्लडलँड’मधील ‘धिस कोरोजन’साठी निर्माते जिम स्टाइनमन यांनी मोठा वृंदगायकांचा ताफा वापरला आणि ते गाणे ब्रिटनमध्ये सातवे आले. नंतर रेकॉर्ड कंपनीशी वाद झाला आणि एल्ड्रिच यांनी ध्वनिमुद्रणच थांबवले. बँड अजूनही दौरे करतो आणि कधीही प्रसिद्ध न झालेली नवी गाणी मंचावर गातो. त्यांच्यापासून वेगळे झालेल्या वेन हसी आणि क्रेग ॲडम्स यांनी काढलेला द मिशन आणि स्टीव्हनेजचा फील्ड्स ऑफ द नेफिलिम हे बँड याच वळणाचे.

बॅटकेव्ह क्लबचे महत्त्व काय?

जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात सुरू झालेला हा साप्ताहिक क्लब स्पेसिमेन या बँडशी निगडित होता आणि एलियन सेक्स फीन्डसारखे बँड तेथे घडले. छायाचित्रकार आणि वार्ताहर तेथे आले, त्यामुळे गॉथचे दृश्य रूप देशभर पोहोचले. संगीताच्या दृष्टीने मात्र लीड्स, नॉर्दॅम्प्टन, ब्रॅडफर्ड यांसारख्या गावांचे योगदान राजधानीपेक्षा अधिक आहे. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेरोजगारांची संख्या ३० लाखांवर गेली होती, आणि उत्तरेकडील गिरण्यांच्या गावांना त्याची झळ सर्वाधिक बसली होती.

औपचारिक सन्मान कोणाकोणाला मिळाले?

ही यादी लहान आहे. द क्यूअरला १९९१ मध्ये सर्वोत्कृष्ट ब्रिटिश बँड म्हणून ब्रिट पुरस्कार मिळाला. पहिल्या ध्वनिमुद्रणाला २५ वर्षे झाल्यावर अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेशाची पात्रता येते. द क्यूअर २००४ पासून पात्र होता, २०१२ मध्ये त्यांचे नामांकन फसले आणि मार्च २०१९ मध्ये ब्रुकलिन येथे त्यांना तो मान मिळाला. त्या वेळी त्यांची ओळख करून देणारे भाषण नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडचे ट्रेंट रेझनर यांनी केले. ज्याने त्यांच्याकडून घेतले त्यानेच सर्वांसमोर ऋण मान्य करावे, ही गोष्ट मला त्या चषकापेक्षा मोलाची वाटते. २०२२ मध्ये स्मिथ आणि गॅलप यांना गीतकार-संगीतकारांच्या आयव्हर पुरस्कारांत गौरवण्यात आले.

सूझी सू यांना २०१२ मध्ये आयव्हर नोव्हेलो पुरस्कारांतील ‘इन्स्पिरेशन’ सन्मान मिळाला. त्यांच्या बँडचे ‘पीक-अ-बू’ सप्टेंबर १९८८ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाने सुरू केलेल्या मॉडर्न रॉक यादीतील पहिलेवहिले अव्वल गाणे ठरले. उलट्या फिरवलेल्या ध्वनिफितीवर ते बेतले होते. जॉय डिव्हिजन आणि कर्टिस यांच्यानंतर उरलेल्या सदस्यांनी काढलेला न्यू ऑर्डर यांना हॉल ऑफ फेमसाठी २०२३ आणि २०२५ मध्ये एकत्रित नामांकन मिळाले, पण दोन्ही वेळा निवड झाली नाही. बाउहाउस, सूझी अँड द बॅन्शीज आणि सिस्टर्स ऑफ मर्सी यांची नावे २०२५ पर्यंतच्या मानकऱ्यांत नाहीत. विक्रीचे आकडे आणि अमेरिकन रेडिओवरील हजेरी यांना दिलेले वजन हे त्याचे प्रमुख कारण असावे. परंतु ज्यांच्यापासून इतरांनी वाजवण्याची पद्धतच घेतली, त्यांना बाहेर ठेवणे अन्यायाचे आहे.

पुढील संगीतावर त्यांचा प्रभाव कोठे ऐकू येतो?

सर्वांत उघड प्रभाव मेटलवर आहे. यॉर्कशरमधील हॅलिफॅक्सच्या पॅराडाइज लॉस्टने १९९१ मध्ये ‘गॉथिक’ नावाचाच अल्बम काढला आणि संथ, जड मेटलमध्ये उदास धून आणि स्त्रीस्वर मिसळले; त्यातून गॉथिक मेटल ही शाखा फुटली. ब्रुकलिनचा टाइप ओ निगेटिव्ह आणि हेलसिंकीचे हिम व द सिक्स्टीनाइन आइज हे याच शाखेच्या आसपासचे. इंडस्ट्रियल रॉकमध्ये नाइन इंच नेल्सने जॉय डिव्हिजनचे ‘डेड सोल्स’ १९९४ च्या ‘द क्रो’ या चित्रपटासाठी नव्याने गायले, आणि त्याच चित्रपटासाठी द क्यूअरने ‘बर्न’ हे गाणे दिले.

कमी अपेक्षित ठिकाणी सापडणारा प्रभाव मला अधिक बोलका वाटतो. ब्रिस्टलचे ट्रिकी यांनी १९९६ मध्ये सूझी अँड द बॅन्शीजचे ‘टॅटू’ गायले. ट्रिप-हॉप या संथ ठेक्याच्या शैलीचा तो घुसमटलेला ध्वनी त्या मूळ गाण्यात आधीच होता, हे दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर कळते. २०११ मध्ये कॅनडाच्या द वीकएंड यांनी ‘हाउस ऑफ बलून्स’मध्ये बॅन्शीजच्या ‘हॅपी हाउस’ची गिटार जशीच्या तशी वापरली. मॅकगिओक यांनी १९८० मध्ये छेडलेल्या तारा तीस वर्षांनी आर अँड बी ऐकणाऱ्या तरुणांच्या कानांत वाजत होत्या.

ब्रिटन आणि अमेरिकेबाहेर हे संगीत कितपत पोहोचले?

लॅटिन अमेरिकेत ते ज्या आत्मीयतेने स्वीकारले गेले, त्याला तोड नाही. अर्जेंटिनाचा सोडा स्टिरिओ, मेक्सिकोचा काइफानेस आणि ब्राझीलचा लेजियाओ उर्बाना या तिन्ही अत्यंत लोकप्रिय बँडच्या सुरुवातीच्या कामावर द क्यूअर आणि जॉय डिव्हिजन यांची छाप आहे. २१ एप्रिल २०१३ रोजी, आपल्या वाढदिवशी, रॉबर्ट स्मिथ यांनी मेक्सिको सिटीत चार तासांहून अधिक वेळ ५० गाणी सादर केली.

जपानमध्ये बक-टिक या बँडचे गायक आत्सुशी साकुराई यांच्या गायकीवर आणि वेशभूषेवर बाउहाउसच्या वळणाचा ठसा होता, आणि बक-टिकचा पुढे व्हिज्युअल केई या भडक वेशभूषेच्या जपानी रॉक प्रवाहावर परिणाम झाला. साकुराई यांचे २०२३ मध्ये निधन झाले. अलीकडच्या काळात बेलारूसमधील मिन्स्कचा मोल्चात डोमा हा बँड रशियन भाषेत गातो. ड्रम मशीन, पुढे आलेला बेस आणि खर्जातील गायन हा सिस्टर्स ऑफ मर्सी आणि जॉय डिव्हिजनचा वारसा त्यांनी २०२० च्या सुमारास टिकटॉकवरील किशोरवयीन श्रोत्यांपर्यंत नेला. तुर्कस्तानचा शी पास्ट अवे तुर्की भाषेत हेच करतो. ही भाषांची विविधता पाहिली की शब्द न समजताही हे संगीत का भिडते, याचे उत्तर त्याच्या ध्वनीत शोधावे लागते.

चित्रपट आणि मालिकांमुळे मान्यता वाढली का?

हो, आणि ती अजून वाढते आहे. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या पर्वाच्या शेवटी ‘स्पेलबाउंड’ वाजले. त्याच वर्षी ‘वेन्सडे’ मालिकेतील गाजलेल्या नृत्याच्या तयारीत सूझी सू यांच्या हालचाली पाहिल्याचे अभिनेत्री जेना ऑर्टेगा यांनी सांगितले. मालिकेतून आलेला श्रोता उथळ असतो, असे मानण्याचे कारण नाही; १९८३ मध्ये ‘द हंगर’ पाहून बाउहाउसकडे वळलेले प्रेक्षकही असेच आले होते.

या संगीताचे मोठे उत्सव कोठे भरतात?

जर्मनीतील लाइपझिग येथे १९९२ पासून दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सुट्टीत वेव्ह-गोटिक-ट्रेफेन भरते आणि त्याला सुमारे २० हजार लोक येतात. ते एका मैदानात कोंडलेले नसते. चर्च, नाट्यगृहे, संग्रहालये अशा शहरभरच्या ठिकाणी कार्यक्रम होतात. इंग्लंडमधील व्हिटबी येथे १९९४ पासून गॉथ वीकएंड होतो. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत जहाज ज्या बंदराला लागते, तेच हे गाव. कॅलिफोर्नियातील पसाडिना येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या क्रूएल वर्ल्ड महोत्सवात पहिल्या वर्षी बाउहाउस आणि पुढच्या वर्षी सूझी सू मंचावर आल्या.

गॉथ श्रोते हिंसक किंवा समाजविघातक असतात, हे खरे आहे का?

नाही. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत झालेल्या गोळीबारानंतर अमेरिकी माध्यमांनी गॉथ तरुणांकडे संशयाने पाहिले, परंतु हल्लेखोरांचा या उपसंस्कृतीशी संबंध नव्हता हे नंतर स्पष्ट झाले. प्रत्यक्षात गॉथ तरुणच अनेकदा हिंसेचे बळी ठरले आहेत. ऑगस्ट २००७ मध्ये लँकशरमधील बेकप येथे रात्री बागेतून जाणाऱ्या एका जोडप्यावर केवळ त्यांच्या वेशामुळे टोळक्याने हल्ला केला. त्यातील वीस वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. त्यानंतर चाललेल्या प्रयत्नांमुळे ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी एप्रिल २०१३ पासून उपसंस्कृतीच्या सदस्यांवरील हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हे म्हणून करण्यास सुरुवात केली. या समुदायाला मिळालेल्या सर्व मान्यतांमध्ये ही सर्वांत गंभीर आणि सर्वांत महागात पडलेली आहे.

अभ्यासकांनी या विषयाची दखल घेतली आहे का?

घेतली आहे. समाजशास्त्रज्ञ पॉल हॉडकिन्सन यांचा गॉथ उपसंस्कृतीवरील ग्रंथ २००२ मध्ये आला. २०२३ या एकाच वर्षात जॉन रॉब, कॅथी अन्सवर्थ आणि द क्यूअरचे संस्थापक सदस्य लॉल टॉलहर्स्ट अशा तिघांनी गॉथचे इतिहास प्रसिद्ध केले. त्यांपैकी टॉलहर्स्ट यांचे लेखन आतून पाहिलेल्या माणसाचे आहे.

नव्या श्रोत्याने कोठून सुरुवात करावी?

‘जूजू’ आणि ‘डिसइंटिग्रेशन’ हे दोन अल्बम आधी ऐकावेत. एक झपाट्याचा, दुसरा संथ. त्यानंतर ‘फ्लडलँड’ आणि मग ‘क्लोजर’. ‘पोर्नोग्राफी’ सुरुवातीलाच घेऊ नये, कारण तो मुद्दाम असह्य केलेला अल्बम आहे आणि त्याची थोरवी आधीचे दोन अल्बम कानांत मुरल्यावरच समजते. फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये. बेस तेथे जवळजवळ नाहीसा होतो आणि या बँडची मुख्य धून त्यातच असल्यामुळे निम्मे गाणे कानांपर्यंत येतच नाही. साधे इअरफोन लावले तरी काम भागते.